‘अनपेक्षित विसंगती, हाताने चालवा’ : एका संदेशाची चिकित्सा

शाळेत वापरल्या जाणाऱ्या मजकुराची चिकित्सा करायची म्हटली की आपण पाठ्यपुस्तके पुढे घेऊन बसतो. पण संगणकाच्या पडद्यावर उमटणारी वाक्ये हाही मजकूरच आहे. विद्यार्थी तो वाचतात, शिक्षक त्यावरून निर्णय घेतात, आणि तो नीट लिहिलेला नसेल तर होणारे नुकसान चुकीच्या धड्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा कमी नसते. म्हणून या वेळी आम्ही परीक्षणासाठी पाचच शब्दांचा एक मजकूर निवडला आहे. लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होता होता मध्येच थांबतो आणि काळ्या पडद्यावर मोठ्या लिपीतले इंग्रजी वाक्य दिसते : ‘अनएक्सपेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली.’ त्याच्या पुढे कंसात लहान लिपीत एक पुस्ती असते, ‘म्हणजे ए किंवा पी हे पर्याय न देता.’

हे वाक्य लिनक्सचे स्वतःचे नव्हे. एफएससीके म्हणजे ‘फाईल सिस्टिम चेक’. ही आज्ञावली टी. जे. कोवाल्स्की यांनी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्ससाठी लिहिली. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील युनिक्ससाठी मार्शल कर्क मॅक्युझिक यांनी तिच्यात फेरबदल केले. आपला संदेश तिथूनच आला आहे. लिनक्सवरील एक्स्ट-२ ही फाईल व्यवस्था १९९३ साली आली. तिच्यासाठी थिओडोर त्सो यांनी तपासणीची आज्ञावली नव्याने लिहिली, तरी ते जुने वाक्य कायम राहिले. संगणकाच्या जगात दर पाच वर्षांनी सारे बदलते असे म्हणतात. एका वाक्याने इतकी वर्षे टिकून राहावे हे म्हणूनच नवल आहे.

आता शब्द घेऊ. यांतला सर्वांत चांगला शब्द ‘इनकन्सिस्टन्सी’, म्हणजे विसंगती. ‘बिघाड’ म्हटले नाही, ‘नाश’ म्हटले नाही, ‘विसंगती’ म्हटले, आणि हे अगदी काटेकोर आहे. का, ते समजण्यासाठी शाळेच्या ग्रंथालयाकडे पाहू. ग्रंथालयात दाखल नोंदवही असते, कोणत्या कपाटात कोणता कप्पा रिकामा आहे याचा तक्ता असतो, आणि पुस्तकांच्या नावांची यादी असते. नवे पुस्तक आले की तिन्ही ठिकाणी नोंद करावी लागते. दोन नोंदी झाल्या आणि तेवढ्यात घंटा झाली, तर पुस्तक आहे तिथेच आहे, पण वह्या एकमेकींशी जुळत नाहीत.

हार्ड डिस्कवर नेमके हेच असते. प्रत्येक फाईलसाठी ‘आयनोड’ नावाची एक नोंद असते. तीत फाईलचा मालक, आकार, वेळा आणि तिची माहिती डिस्कवर कोणकोणत्या खंडांत ठेवली आहे त्यांचे क्रमांक असतात. गंमत अशी की फाईलचे नाव या नोंदीत नसतेच. ते निर्देशिकेत असते, आणि निर्देशिका म्हणजे ‘हे नाव, हा आयनोड क्रमांक’ अशा जोड्यांची यादी. शिवाय कोणते खंड आणि कोणते आयनोड वापरात आहेत ते सांगणारे नकाशे असतात, त्यांत प्रत्येकासाठी एक बिट. साऱ्या व्यवस्थेचा गोषवारा ‘सुपरब्लॉक’मध्ये असतो. एक छोटीशी फाईल तयार करायची तरी या पाच-सहा ठिकाणी लिहावे लागते. ते लिहिणे एका क्षणात होत नाही. मध्येच वीज गेली तर काही नोंदी नव्या, काही जुन्या. ज्यांनी भारनियमनाच्या काळात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संगणक कक्ष सांभाळला आहे, त्यांना याचे अधिक वर्णन नको.

म्हणजे ‘विसंगती’ शब्द योग्य. ‘अनपेक्षित’चे काय? इथे आमचा पहिला आक्षेप आहे. कोणाला अनपेक्षित? वाचणाऱ्याला वाटते, काहीतरी कधी न घडणारे घडले. वस्तुतः एफएससीके विसंगतींचे दोन गट पाडते. वीज गेल्यावर कोणत्या विसंगती राहतील याचा तिला अंदाज असतो, आणि त्या दुरुस्त करण्यात धोका नसतो. उदाहरणार्थ, रिकाम्या खंडांची संख्या चुकली असेल तर ती पुन्हा मोजता येते. संगणक सुरू होताना ही कामे ती न विचारता उरकते. या पर्यायाचे इंग्रजी नाव मोठे गोड आहे. पक्षी चोचीने आपली पिसे सारखी करतो त्या क्रियेचे नाव त्याला दिले आहे, आणि त्याचेच आद्याक्षर ‘पी’. दुसऱ्या गटातील विसंगती साध्या वीज जाण्याने समजावता येत नाहीत, किंवा त्या दुरुस्त करताना काहीतरी गमवावे लागेल अशा असतात. तिथे ती थांबते. तेव्हा ‘अनपेक्षित’चा खरा अर्थ ‘माझ्या अधिकाराबाहेरची’ असा आहे. हा अर्थ शब्दातून पोचत नाही.

या थांबण्याबद्दल मात्र आज्ञावलीचे कौतुकच करायला हवे. समजा, दोन आयनोड म्हणतात की अमुक क्रमांकाचा खंड आमचा. दहावीचा निकालपत्रक आणि स्नेहसंमेलनाचा हिशेब, दोघांचा त्याच जागेवर दावा. खंडातील मजकूर त्यांपैकी फार तर एकाचा असणार. कोणाचा, हे ठरवायला डिस्कवर कोणताही पुरावा नाही. अशा वेळी एफएससीके त्या खंडाची प्रत काढून दोघांना एकेक देऊ शकते. वह्या जुळल्या, भांडण मिटले, पण एका फाईलच्या पोटात दुसरीचा तुकडा राहिला. एफएससीके सुसंगती परत आणते, सत्य परत आणत नाही. हा भेद संगणकाच्या पुस्तकांत आम्हाला फार क्वचित दिसला, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला तो समजावून सांगण्याची गरज नसावी. फाईलमधली सर्व अक्षरे पुसली गेली असली तरी नोंदी जुळत असतील तर ही तपासणी समाधानाने ‘ठीक’ म्हणेल.

दुसरा आक्षेप ‘हाताने चालवा’ या आज्ञेवर आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. हाताने कशासाठी चालवायचे? कारण प्रत्येक प्रश्नाला माणसाने विचार करून उत्तर द्यावे म्हणून. पण संदेश कारण सांगत नाही, नुसती कृती सांगतो. कंसातली पुस्ती तर काय करायचे नाही एवढेच सांगते. परिणाम काय होतो? शिक्षक आज्ञा देतात, पडद्यावर ‘दुरुस्त करू?’ असा प्रश्न येतो, ते ‘वाय’ म्हणजे होय असे उत्तर देतात. पुन्हा प्रश्न, पुन्हा वाय. दहाव्या प्रश्नानंतर वाचणे थांबते, वाय दाबणे चालू राहते. कोणीतरी सांगते की ‘वाय’ हा पर्याय आधीच दिला तर प्रश्नच येत नाहीत. पुढच्या वेळेपासून तेच. ज्या ठिकाणी माणसाची गरज आहे म्हणून यंत्र थांबले, तिथे माणूस यंत्र होऊन उत्तर देतो. आमच्या पाहण्यातल्या एका शाळेत डिस्क स्वतःच निकामी होत चालली होती आणि तिच्यावर अशी ‘होय’ची सरबत्ती झाली. वाचता न येणाऱ्या खंडांमुळे नोंदी पुसल्या गेल्या आणि शिष्यवृत्तीच्या याद्या नाव नसलेल्या तुकड्यांच्या रूपाने शिल्लक राहिल्या.

खरे म्हणजे उत्तर बहुतेक वेळा या संदेशाच्या आधीच्या एकदोन ओळींत असते. तिकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण ही ओळ मोठ्या लिपीत आहे आणि ती नाही. त्या ओळी तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत असू शकतात.

कधी ती ओळ म्हणते की असे उपकरणच सापडत नाही. मग विसंगतीचा प्रश्नच नसतो. केबल सैल असते, किंवा कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ या फाईलमध्ये काढून टाकलेल्या डिस्कची ओळ राहून गेलेली असते. आजच्या सिस्टिमडी वापरणाऱ्या लिनक्समध्ये अशा डिस्कची दीड मिनिट वाट पाहिली जाते आणि मग संगणक आपत्कालीन अवस्थेत जातो. दुरुस्ती काय, तर एक ओळ खोडणे.

कधी वरच्या ओळी डिस्क वाचता येत नसल्याचे सांगतात. डी-मेसेज ही आज्ञा दिली की गाभ्याने नोंदवलेल्या वाचनाच्या चुका दिसतात. इथे एफएससीके हे औषधच चुकीचे. आधी साऱ्या डिस्कची शक्य तेवढी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची (डीडी-रेस्क्यू ही आज्ञावली त्यासाठीच आहे) आणि मग जी काही दुरुस्ती करायची ती प्रतीवर.

तिसरा प्रकार आम्हाला सर्वांत रंजक वाटतो. ओळ म्हणते, ‘सुपरब्लॉकमधील शेवटच्या जोडणीची वेळ भविष्यातली आहे.’ उन्हाळ्याच्या सुटीत संगणक बंद, भिंतीवरचे बटण बंद. मदरबोर्डवरील घड्याळ चालवणारी बटणासारखी बॅटरी जून उजाडेपर्यंत संपते. जूनमध्ये संगणक सुरू होतो तेव्हा त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले असते. डिस्क म्हणते, मला शेवटचे यंदाच्या एप्रिलमध्ये जोडले. घड्याळ म्हणते, एप्रिल अजून यायचा आहे. दोघांत विसंगती आहे हे खरेच, पण दोष डिस्कचा नाही. अनेक आवृत्त्यांमध्ये एवढ्यावरून संगणक अडून बसतो आणि तोच भयंकर संदेश देतो. उपाय म्हणजे नवी सीआर-२०३२ बॅटरी. (हा क्रमांकही वाचता येतो : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर.) निकामी होत आलेली डिस्क आणि संपलेली बॅटरी या दोन घटनांना एकच वाक्य वापरणे, हा या संदेशाचा सर्वांत मोठा दोष आहे असे आमचे मत आहे. ताप आला एवढेच सांगणाऱ्या आणि कशाने ते न सांगणाऱ्या वैद्यासारखे ते आहे.

याच घड्याळाची एक गोष्ट भूगोलाच्या शिक्षकांसाठी. विंडोज मदरबोर्डचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, लिनक्स ते जागतिक वेळेवर आहे असे धरू पाहते. दोन्ही एकाच संगणकावर असली आणि सुरुवातीलाच हा फरक दुरुस्त झाला नाही, तर भारतात लिनक्सला सुरुवातीला घड्याळ साडेपाच तास पुढे वाटते. अमेरिकेत मात्र ते काही तास मागे वाटते. मग ‘वेळ भविष्यातली आहे’ ही तक्रार प्रामुख्याने कोणत्या गोलार्धात ऐकू येईल, हा प्रश्न नववीच्या वर्गात विचारून पाहावा. आता आज्ञावली चोवीस तासांपर्यंतचा असा फरक चालवून घेते.

संदेश सोडून आता पुस्तिकेकडे वळू. लिनक्समध्ये प्रत्येक आज्ञेची माहिती ‘मॅन’ ही आज्ञा देऊन वाचता येते. एफएससीकेची पुस्तिका अचूक आहे. चालू वापरातील फाईल व्यवस्थेवर ही तपासणी करू नका, हा इशारा तीत स्पष्ट आहे. परतीच्या अंकांचा तक्ता तर वर्गात शिकवण्याइतका सुबक आहे. ० म्हणजे चुका नाहीत, १ म्हणजे चुका होत्या आणि दुरुस्त केल्या, २ म्हणजे संगणक पुन्हा सुरू करावा, ४ म्हणजे चुका शिल्लक आहेत, ८ म्हणजे तपासणीचे कामच करता आले नाही, १६ म्हणजे आज्ञा लिहिण्यात चूक. दोन गोष्टी घडल्या तर बेरीज. पडद्यावर १२ दिसले तर ८ आणि ४, दुसरी कोणतीही फोड शक्य नाही. दोनाचे घात असेच का निवडले, हे द्विमान पद्धती शिकणाऱ्याला यापेक्षा चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

पण पुस्तिका शिकवत नाही. सुपरब्लॉक खराब झाला तर त्याची राखीव प्रत ८१९३ किंवा ३२७६८ क्रमांकाच्या खंडात मिळेल, असे ती सांगते. हे आकडे कुठून आले? खंड ४०९६ बाइटचा असेल तर नकाशाच्या एका खंडात ४०९६ गुणिले ८, म्हणजे ३२७६८ बिट मावतात. म्हणून एका गटात तितकेच खंड, आणि पुढचा गट ३२७६८ पासून सुरू. खंड १०२४ बाइटचा असेल तर ८१९२, आणि तिथे मोजणी १ पासून सुरू होत असल्याने ८१९३. दोन ओळींचे गणित आहे. ते दिले असते तर आकडा पाठ करण्याऐवजी समजला असता.

याउलट, १९८० च्या दशकात बर्कले युनिक्सबरोबर मिळणारा मॅक्युझिक आणि कोवाल्स्की यांचा एफएससीकेवरील निबंध आजही नमुना म्हणून दाखवावा असा आहे. आधी ते फाईल व्यवस्था म्हणजे काय हे सांगतात. मग ती कशाने बिघडते ते. मग कोणत्या दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या ते. आणि शेवटी परिशिष्टात प्रत्येक संदेश घेऊन त्याचा अर्थ आणि ‘होय’ म्हटले तर काय होईल, ‘नाही’ म्हटले तर काय होईल, हे वेगवेगळे लिहितात. ‘नाही’चा परिणाम लिहिणे हे आम्हाला विशेष वाटते. ज्या प्रश्नाचे ‘नाही’ हे उत्तर समजावलेले नसते तो प्रश्न नसतोच. निबंध रूक्ष आहे, जुन्या युनिक्सचा आहे, तपशील आजच्या डिस्कला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी एखाद्या शिक्षकाने त्यातले पहिले दोन भाग वाचले तर संदेशाची भीती जाईल.

कोणी म्हणेल, आता या साऱ्याची गरज काय? २००१ साली लिनक्सच्या गाभ्यात एक्स्ट-३ आणि २००८ साली एक्स्ट-४ स्थिर रूपात आली. त्यांत ‘जर्नल’ असते. वाणिज्याच्या शिक्षकांना हा शब्द नवा नाही, मराठीत आपण त्याला रोजकीर्द म्हणतो. खतावणीत लिहिण्याआधी काय लिहिणार आहोत ते रोजकीर्दीत लिहायचे. वीज गेली तर पुन्हा सुरू होताना रोजकीर्द पाहून अपुऱ्या नोंदी पूर्ण करायच्या. त्यामुळे पूर्वी मोठ्या डिस्कला लागणारा तपासणीचा दीर्घ वेळ आता काही सेकंदांवर आला, आणि ठरावीक वेळा जोडणी झाली की सक्तीने होणारी तपासणीही २०११ पासून नव्या फाईल व्यवस्थांत आपोआप लागू होईनाशी झाली. पण रोजकीर्द वीज जाण्यावरचा उपाय आहे. डिस्क झिजणे, स्मृतीतील बिट पालटणे, आज्ञावलीतील चूक यांवर तिचा इलाज नाही. उलट साधी कारणे दूर झाल्यामुळे आज तो संदेश दिसलाच तर कारण गंभीर असण्याची शक्यता पूर्वीपेक्षा अधिक. जुना शब्द ‘अनपेक्षित’ आता कुठे खरा होऊ लागला आहे!

शिक्षकांनी निदान एवढे करावे. संदेशाच्या वरच्या ओळी कागदावर उतरवून घ्याव्या किंवा मोबाईलने टिपून घ्याव्या. डी-मेसेज पाहावे. वाचनाच्या चुका नसतील तर एफएससीके आधी ‘एन’ पर्याय देऊन चालवावी. मग ती प्रत्येक प्रश्नाला स्वतःच ‘नाही’ म्हणते, काही लिहीत नाही, फक्त काय काय केले असते ते दाखवते. एक सावधगिरी : या पर्यायात रोजकीर्दीतील अपुऱ्या नोंदी पूर्ण केल्या जात नाहीत, त्यामुळे दिसणाऱ्या काही चुका आभासी असू शकतात. यादी लांबलचक असेल तर प्रत काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि हे सारे खऱ्या आणीबाणीची वाट न पाहता शिकता येते, ही लिनक्सची मोठी सोय आहे. चौसष्ट मेगाबाइटची एक रिकामी फाईल तयार करावी, तिच्यातच एक्स्ट-४ व्यवस्था उभारावी, तीत ‘कविता’ नावाची एक फाईल ठेवावी आणि व्यवस्था सोडवून घ्यावी. तिचा आयनोड क्रमांक बहुधा १२ निघेल, कारण २ हा मूळ निर्देशिकेचा आणि ११ हा सापडलेल्या वस्तूंसाठी राखलेल्या ‘लॉस्ट अँड फाऊंड’चा असतो. आता डीबग-एफएस ही आज्ञावली लिहिण्याच्या परवानगीसह उघडून ‘अनलिंक’ने ते नाव तेवढे काढून टाकावे. नाव गेले, आयनोड आणि माहिती जागेवरच. मग विद्यार्थ्यांकडून एफएससीके आधी ‘एन’ देऊन आणि नंतर कोणताही पर्याय न देता सक्तीने चालवून घ्यावी. चौथ्या फेरीत ती विचारेल : आयनोड १२ कुठेही जोडलेला नाही, लॉस्ट अँड फाऊंडला जोडू? अर्ध्या वर्गाने होय म्हणावे, अर्ध्याने नाही. ज्यांनी होय म्हटले त्यांना ‘कविता’ परत मिळेल, मात्र तिचे नाव असेल ‘#१२’. नाव का परत आले नाही, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.